पळसपापडीचे दोन डबे

आमच्या करडी गावात जंताचं औषध कुठं मिळतं असं कोणी विचारलं की आधी लोक माझ्या घराकडे बोट करत. आता शाळेकडे करतात. वर्षातून दोनदा तिथं गोळी वाटतात, चघळायची, गोड. वाटणारी कोण, तर माझीच सून. हर्षा गावची आशाताई आहे, सरकारी आरोग्याचं काम तिच्याकडे. एका चुलीवर दोघींचा स्वयंपाक आणि एकाच जंतावर दोघींची दोन औषधं, असा आमच्या घरचा कारभार.

माझं औषध पळसपापडीचं. वैशाखात पळसाच्या शेंगा वाळून झाडाखाली पडतात. एका शेंगेत एकच बी, चपटं, तांबूस. ते भिजवायचं, साल काढायची, सावलीत वाळवायचं आणि कुटायचं. गुळात मिसळून तीन दिवस उपाशी पोटी द्यायचं, चौथ्या दिवशी एरंडाचं तेल. सासूनं मला शिकवलं तेव्हा माझा संघपाल पोटात होता. आज संघपालची पोरगी प्रतिक्षा दुसरीत आहे. मधल्या काळात किती लेकरांना मी हे औषध चाटवलं असेल, सांगता येणार नाही. रात्री दात खाणारी, भिंतीची माती खाणारी, पोट पुढं आणि हातपाय काड्यांसारखे अशी कितीतरी माझ्या ओसरीवर आली आणि बरी होऊन गेली. निदान मी तरी तसंच धरून चालले होते.

धानाची कापणी आटोपली होती तेव्हा हर्षा एका पोरीला घेऊन आली. टीना तिचं नाव. लाखनीची, पण नागपुरात औषधाच्या कॉलेजात शिकणारी. पाठीवर पिशवी, पायात बूट. अंगणात आल्या आल्या बूट काढून बाजूला ठेवले, ते मला बरं वाटलं.

"आजी, तुमच्या पळसपापडीबद्दल आयकलं. मले ते तपासून पाहाचं हाय."

"मी देतो चाळीस वर्षांपासून. तू काय तपासशीन वो?"

"तुम्ही देता हे सगळ्यायले माहीत हाय. पन कागदावर कुठी हाय?"

हर्षा दुसरीकडं तोंड करून हसत होती. तिचं हसू मला ओळखता येतं. "आई, कागदावर आलं तं आमाले बी मानाच लागन," ती म्हणाली.

हेच वाक्य मला नडलं. कागदावर यावं असं मला वाटायला लागलं. हर्षाच्या रजिस्टरात गोळीला एक रकाना आहे. माझ्या औषधाला पण कुठंतरी एक रकाना असावा, त्यावर माझं नाव नसलं तरी चालेल, सासूचं नसलं तरी चालेल, पण पळसपापडी लिहिलेलं असावं. मी हो म्हटलं.

मग टीनानं प्लास्टिकच्या छोट्या डब्या काढल्या. झाकणाला आतून चमचा लागलेला. मी म्हटलं, "याच्यात औषध भराचं का?"

"नाही आजी. याच्यात पोट्ट्यायची सकाळची शी आनाची. त्याच्यात जंताचे अंडे मोजाचे."

चाळीस वर्षांत मी जंत पाहिले होते, अंडी कधी पाहिली नव्हती. जंत अंडी घालतात हे पण मला त्या दिवशी कळलं. मी तोंडावर तसं दाखवलं नाही.

डब्या वाटायला हर्षाबरोबर मी घरोघरी गेले, कारण तिला एकटीला कोणी दाद देईना. मंगलाबाईनं डबी उलटीपालटी करून पाहिली. तिचे दोन नातू त्या यादीत होते.

"वच्छलाबाई, आता हे बी दिवस आले का? नागपूरले हागनं पाठवाचं?"

"तुया घरचं काही बाहेरगावी जाते तं जाऊ दे न वो, तुले काय दुखते?"

"पन ते लोकं तिकडं पाहून हसतीन."

"पाहून शिकतीन. भर डबी. आनि वरपर्यंत नको भरू, लाडवाचा डबा नाही हाय तो."

असं करत बेचाळीस डब्या गेल्या. टीना त्या बर्फाच्या पेटीत घालून घेऊन गेली आणि आठ दिवसांनी परत आली. तीस पोरांच्या पोटात अंडी निघाली. त्यात माझी प्रतिक्षा पण होती. घरात आशा, घरात मी, आणि पोरगी जंतानं भरलेली. हर्षाचं तोंड उतरलं. माझं पण उतरलं, पण मी आधी तिच्याकडे पाहिलं.

"ऑगस्टात गोळी देल्ली होती न तू?"

"देल्ली होती. मंग बांधीत अनवानी कोन फिरवलं तिले? तुमीच न?"

बांधीत म्हणजे धानाच्या चिखलात. फिरवलं होतं मी.

त्यानंतर टीनानं जे सांगितलं ते मी तिला तीनदा सांगायला लावलं. तीस पोरांपैकी पंधरांना माझं औषध द्यायचं. उरलेल्या पंधरांना औषधासारखं दिसणारं, पण औषध नसलेलं काहीतरी द्यायचं. कोणाला काय मिळालं हे त्यांच्या आयांना सांगायचं नाही, पुड्या वाटणाऱ्या हर्षाला पण सांगायचं नाही. पंधरा दिवसांनी सगळ्यांच्या डब्या परत न्यायच्या आणि अंडी मोजायची. तो निकाल हातात आला की तीसही पोरांना शाळेची गोळी. आयांना हे सगळं सांगूनच सह्या आणि अंगठे घेतले होते.

"म्हंजे पंधरा पोट्ट्यायले फसवाचं," मी म्हटलं.

"फसवाचं नाही आजी. त्यायच्याशी जोडून पाहाचं. नाहीतं औषधानं फरक पडला का आपोआप पडला, कसं समजन?"

"आपोआप कसा पडन? जंत काय पाव्हने हायेत, उठून जाले?"

ती हसली, पण ऐकलं नाही. तिच्या सरांनी नागपुरात चिठ्ठ्या टाकल्या. तीस नंबर, पंधरा एकीकडे, पंधरा दुसरीकडे. कोणत्या नंबरला औषध आणि कोणत्याला दुसरं, तो कागद तिथंच सरांकडे बंद. प्रतिक्षा कुठं पडली ते मला कळेना. टीनाला विचारलं तर म्हणते, "मलेच मालूम नाही."

दोन्ही प्रकारची पूड एकाच उखळात, एकाच हातानं कुटलेली हवी होती, म्हणजे दिसायला फरक नको. म्हणून दुसरीही मीच केली. तांदळाचं पीठ लाल होईपर्यंत भाजलं आणि कडू लागावं म्हणून त्यात मेथी घातली. आयुष्यात पहिल्यांदा मी खोटं औषध कुटत होते आणि ते खऱ्यापेक्षा चांगलं दिसत होतं. दोन स्टीलचे डबे भरले. टीनानं एकावर एक टिकली लावली, दुसऱ्यावर दोन. एका टिकलीचं पळसाचं. मग ती आणि हर्षा पुड्यांचे कागद आणायला मोहाडीला गेल्या. म्हणाल्या, दुपारून येऊन डबे नेऊ, पुड्या सरच नंबर टाकून बांधतील.

घरात मी आणि ते दोन डबे.

आता हे कसं सांगू? आमच्या गावात चौदा एप्रिलचं जेवण असतं, साऱ्या वस्तीचं. वाढायला मी असते. तीस वर्षं झाली, भाजीची बादली माझ्या हातात. माझा बाप सांगायचा, तो लहान असताना दुसऱ्यांच्या लग्नात आमच्या लोकांना सगळ्यांच्या मागून, अंगणाच्या कडेला बसवत. त्याच्या पानापर्यंत येता येता गोड संपलेलं असायचं. संपलेलं नसलं तरी संपलं म्हणत. म्हणून आमच्या पंगतीत मी एकच नियम ठेवला. बादली कमी पडते असं दिसलं की पळी अर्धी करायची, पण पान रिकामं सोडायचं नाही. सगळ्यांना अर्धं, पण सगळ्यांना.

मी त्या डब्यांकडे पाहत बसले. पंधरा पोरं माझ्या नावावर विश्वास ठेवून तोंड उघडणार आणि मी त्यांच्या तोंडात भाजलेलं पीठ घालणार. मंगलाबाईचे दोन नातू, एकाला औषध आणि एकाला पीठ, असं पण होऊ शकतं. ती बाई माझ्या शब्दावर डबी भरून आणते. आणि प्रतिक्षा? ती पिठात निघाली तर?

मोठी परात घेतली. दोन्ही डबे त्यात उलटे केले. हातानं खालीवर केलं, पाच-सहा वेळा, भाकरीच्या पिठात मीठ मिसळतात तसं. मग परत दोन्ही डबे भरले, टिकल्या जशा होत्या तशा. परात धुऊन पालथी घातली. मनाला एवढं बरं वाटलं की मी चहा करून प्याले.

तीन दिवस सकाळी हर्षानं नंबर पाहून पुड्या दिल्या, चौथ्या दिवशी तेल. पोरं तोंड वाकडं करून गेली. दोन-चार पोरांचे जंत पडलेले त्यांच्या आयांनी पाहिले आणि मला येऊन सांगितलं. मंगलाबाई तर म्हणाली, "लहान्याचे पडले, मोठ्याचे बी पडले. तुया हाताले गुन हाय बाई." मी हर्षाकडे पाहून पदर सारखा केला.

पंधरा दिवसांनी डब्या परत नागपूरला गेल्या. आणखी दहा दिवसांनी टीना आली. या वेळी बूट काढले, पण सरळ रेषेत ठेवले नाहीत. ओसरीवर बसली आणि पिशवीतून कागद काढला.

"काय निंघालं?"

"आजी, नाही निंघालं."

"नाही निंघालं म्हंजे? पोट्ट्यायचे जंत पडले न! मंगलाबाईले विचार."

"पडले. शंभर अंडे असन तं आता साठ हायेत. पन दोन्हीकडं साठच हायेत. ज्यायले औषध देल्लं त्यायचे बी, ज्यायले पीठ देल्लं त्यायचे बी."

"मंग चांगलंच झालं न. सगळ्यायचेच कमी झाले."

टीनानं कागद मांडीवर ठेवला. हळू आवाजात, एखाद्या लेकराला समजावतात तसं म्हणाली, "आजी, पिठानं जेवढं झालं तेवढंच औषधानं झालं. म्हंजे औषधानं काहीच झालं नाही. मले असंच लिहा लागन. पळसपापडीत आनि तांदळाच्या पिठात फरक नाही."

मला ते समजेना. तीस पोरांचे जंत कमी झाले. एकाचेही वाढले नाहीत. माझं औषध तिसांच्या पोटात गेलं आणि तिसांना गुण आला, यापेक्षा चांगलं औषध कोणतं असतं? आणि ही म्हणते काहीच झालं नाही. सगळ्यांना बरं वाटलं म्हणून औषध नापास. अर्ध्यांना वाईट वाटलं असतं तर पास झालं असतं. हा कोणत्या गावचा हिशोब?

"आनि एक," टीना म्हणाली. "सरायनं कागद उघडला. प्रतिक्षा औषधाच्या पंधरात होती. तिचे बी जास्त हायेत अजून. आज हर्षाताईनं गोळी द्यावी सगळ्यायले."

प्रतिक्षा औषधाच्या पंधरात होती. तिच्या वाटणीचं पूर्ण औषध एका टिकलीच्या डब्यात तयार होतं, माझ्याच हातचं, आणि मीच ते काढून त्यात अर्धं पीठ भरलं. दुसऱ्यांची पोरं उपाशी राहू नयेत म्हणून. की ती उपाशी राहील या भीतीनं? त्या दिवशी परातीत हात फिरवताना मी कोणाचा विचार करत होते, मला आज पण नक्की सांगता येत नाही.

हर्षा गोळ्यांचा डबा घेऊन बाहेर आली. मला वाटलं होतं ती काहीतरी टोचून बोलेल. उलट टीनाला म्हणाली, "अवो, आई देतात त्यानं गुन येते, मी सोता पाह्यलं हाय. तुमचं मोजाले चुकलं असन."

सून माझ्या बाजूनं बोलली. लग्न होऊन बारा वर्षं झाली, पहिल्यांदा. आणि बोलली ती पण चुकीच्या ठिकाणी. आता माझ्यानं राहवलं नाही.

"मोजाले नाही चुकलं," मी म्हटलं. "मी दोन्ही डबे एक केले."

दोघींना आधी कळलंच नाही. मी परत सांगितलं. परात सांगितली, टिकल्या सांगितल्या. टीनाचा हात कागदावर होता, तो कागद हळूहळू चुरगळत गेला.

"काहून, आजी?"

"पंधरा लेकरं रिकामी ठेवाची मले सवय नाही."

"मी तुमाले सांगतलं होतं न, नंतर सगळ्यायले गोळी देऊ म्हनून! महिनाभराचा परश्न होता."

"महिनाभर काहून ठेवाचं? तुया पोटात ठेव महिनाभर."

"आई!" हर्षा म्हणाली.

टीना उठून अंगणात गेली. मला वाटलं रडते आहे. जवळ जाऊन पाहिलं तर हसत पण होती आणि डोळे पण पुसत होती. तिच्या एका वर्षाचं काम त्या परातीत गेलं होतं. मी म्हटलं, "मंग आता लिही न कागदावर, का म्हातारीनं मिसळवलं. औषध पास कर."

"पास नाही करता येत, आजी."

"काहून? औषध सगळ्यायले भेटलं, सगळ्यायचे कमी झाले. आता तं सरळ हाय."

"अर्धं भेटलं. आनि थंडीत जंत तसे बी कमी होतात का, एरंडाच्या तेलानंच पडले का, ते कसं सांगू? तेल तं सगळ्यायलेच देल्लं. ज्याले काहीच नाही भेटलं असा एक बी पोरगा तुमी ठेवला नाही. आता हे नापास बी नाही आनि पास बी नाही. काहीच नाही."

मग तिनं मला एक विचारलं. रागानं नाही विचारलं, म्हणून ते जास्त लागलं.

"आजी, चाळीस वर्षांत असं एक तरी पोट्टं पाह्यलं का तुमी, ज्याले जंत होते आनि तुमी औषध देल्लं नाही?"

"मी कोनालेच नाही म्हटलं नाही."

"आनि ज्यायले गुन नाही आला?"

ज्यांना गुण आला ते येऊन सांगत. भाजी आणत, चिवड्याची पुडी आणत, लेकराला पाया पडायला लावत. ज्यांना आला नाही ते? ते कशाला येतील सांगायला? ते मोहाडीच्या दवाखान्यात गेले असतील. किंवा आणखी कुठं. बपेरा गावाकडची एक बाई तिच्या पोरीला घेऊन आली होती, खूप वर्षांपूर्वी, पोरगी पांढरीफटक. औषध घेऊन गेली ती परत आली नाही. मी इतकी वर्षं धरून चालले की बरी झाली म्हणून आली नाही.

हर्षा प्रतिक्षाला बोलावून गोळी चघळायला देत होती. पोरगी गोळी गालात धरून मला दाखवत होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि टीनाकडे पाहिलं. माझं औषध खरं की खोटं, हे एवढं सोपं मला सांगता येत नव्हतं. काल सांगता आलं असतं. काल कोणी विचारलं असतं तर मी त्याला ओसरीवरून हाकललं असतं.

"परत होईन का?" मी विचारलं.

"पावसाळ्यानंतर. पोट्ट्यायले परत जंत झाले तं."

म्हणजे आता पोरांना जंत व्हावेत म्हणून वाट पाहायची. मी चप्पल घाला म्हणून ओरडायचं की नाही ओरडायचं, ते पण तिलाच विचारलं.

"ओरडा," टीना म्हणाली. "तरी बी होतीन."

"मंग मले त्या पिठवाल्या पंधरात टाक," मी म्हटलं. "मी बी बांधीत अनवानीच फिरतो. माही डबी कोनं नेली नाही अजून. मी दरसाल शिमग्याले सोता औषध घेतो. आवंदा नाही घेत. मले रिकामी ठेवून पाहा, का होते मंग."

"तुमाले लेकरांत कशी टाकू? आनि टाकलं तरी चिठ्ठीनं ठरन. तुमच्या मनानं नाही."

"म्हंजे मले औषध बी निंघू शकते?"

"निंघू शकते. आनि तुमाले समजनार नाही."

"माही पूड, मीच कुटलेली, आनि मलेच समजनार नाही?"

"तुमी कुटनार नाही आजी," हर्षा गोळ्यांचं झाकण लावत म्हणाली. "या वेळी मी कुटतो. तुमी फक्त सांगा, किती भिजवाचं, किती वाळवाचं."

तिला शिकवायचं माझ्या मनात कधीच नव्हतं. गोळीवाली ती. पण सासूनं मला सांगितलं तसं कोणाला तरी सांगावं लागणारच होतं, आणि वैशाखाला तीनच महिने होते. मी तिला साल कशी काढायची ते सांगायला लागले. ती रजिस्टराच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून घेत होती. मध्येच थांबून तिनं विचारलं, "आनि एका लेकराले किती द्याचं, आई? मोजून सांगा."

मी बोटांच्या चिमटीत हवा धरून दाखवली. ती म्हणाली, एवढं म्हणजे किती? मी परत दाखवली. दोन्ही वेळची चिमूट सारखी होती की नाही, मला सांगता येईना.